आमच्या अंगणवाडीतली हवाई नावं

अंगणवाडीच्या रजिस्टरात सगळ्याला रकाना आहे. वजन, उंची, दंडाचा घेर, लस कधी दिली, खाऊ कधी नेला. पण दिवसभरात कानावर जे पडतं, त्याला रकाना नाही. ते मग डोक्यातच साठत जातं. मला सेविका होऊन चोवीस वर्षं झाली. रजिस्टरं मोबाईलमध्ये गेली, डोकं मात्र तेच आहे आणि आता ते भरलंय. थोडं तुमच्याकडे रिकामं करते. बसा.

आधी आमच्याकडे नावांचा ताप नव्हता. साई, श्लोक, आरोही. एका वेळी चार स्वरा असायच्या, पण लिहिता तरी यायचं! मग गावातला नीलेश कर्जतच्या बाजूला एका रिसॉर्टवर माळीकामाला लागला. त्या मालकाला हवाई बेटांची हौस. तिकडून फिरून आलेला म्हणे. झावळ्यांची छपरं, पोहायचा तलाव आणि प्रत्येक कॉटेजवर लाकडी पाटी. वर तिकडचं नाव, खाली इंग्रजीत अर्थ.

नीलेशनं पाट्यांचे फोटो काढून बायकोला पाठवले. प्रणालीला तेव्हा सातवा लागलेला. तिनं ते गावातल्या आयांच्या ग्रुपवर टाकले. "बघा गं, किती क्यूट नावं!"

झालं. तिथून माझं डोकं उठलं.

*

प्रणालीला मुलगा झाला. नाव ठेवलं काय. काय म्हणजे समुद्र. खालापूर तालुक्यात समुद्र कुठून आला, हे मी विचारलं नाही. विचारायची ताकद राहिली नाही आता.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मॅडमचा फोन. "बाई, नवीन जन्म सांगा."

"प्रणालीला मुलगा. दोन किलो आठशे."

"नाव?"

"काय."

"बाळाचं नाव विचारतेय मी."

"हो. काय."

"अहो, बाळाचं नाव काय?"

"बरोबर, मॅडम!"

 पलीकडून एकदम मऊ आवाज. "बाई, तुम्ही दोन दिवस रजा घ्या."

चोवीस वर्षांत मागूनही धड मिळाली नव्हती. आणि मी बावळट म्हणाले, "नको मॅडम, काम पडलंय." अजून पस्तावतेय!

*

मग आली महिना. तिकडे महिना म्हणजे चंद्र. मुलगी खरंच चंद्रासारखी, तक्रार नाही. पण लसीकरणाच्या दिवशी पोरं आणि पोटुशा बायका एकाच ओट्यावर बसतात. नर्सबाई नव्या होत्या. त्यांनी कार्ड उचललं आणि मोठ्यानं विचारलं, "महिना?"

"सातवा!" एकजण म्हणाली.

"पाचवा!" दुसरी.

"नववा सरला, बाई, आता कंदी पन!" तिसरी.

आणि सगळ्यात मागून महिनाची आजी हात वर करून ओरडली, "आमची दीड वर्साची हाय!"

नर्सबाईंनी कार्ड खाली ठेवलं आणि आधी पाणी मागितलं.

*

ओला म्हणजे जीवन, आयुष्य. अर्थ चांगला. पण आमच्या मदतनीस सुनंदाताई साठीला टेकलेल्या, कानानं थोड्या कमी. आई दारातून "ओला आला!" म्हणाली, की ताई फडकं आणि कोरडी चड्डी घेऊन धावायच्या. पोरगा साडेतीन वर्षांचा, शी-शू सगळं सांगणारा. पहिले काही दिवस त्यानं सोसलं. एक दिवस दोन्ही हातांनी चड्डी धरून उभा राहिला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "आजे, मी ओला हाय, पन मी कोरडा हाय!"

*

एका घरानं मुलीसाठी पाटीच्या फोटोतून लुआ निवडलं. त्या पाटीखाली अर्थ नव्हता, पण नाव छोटं, गोड, गावात कुणाचं नाही. बाप साजगावच्या कंपनीत कामाला. बारशाला हौसेनं खोपोलीहून केक आणला, वर गुलाबी अक्षरांत लुआ. मांडव, स्पीकर, सगळं होतं. मीही गेले होते, कारण न जाऊन सांगता कुणाला!

नीलेश उशिरा आला. जेवायला बसला. केककडे बघितलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

"ही पाटी कुठनं घेतलीस रं?"

"तूच पाठवलेलीस की!"

"आरं, ती कॉटेजची न्हवती. मी सगळ्याच पाट्यांचं फोटू काढलं. ती मागल्या बाजूची हाय."

"मागल्या बाजूला काय हाय?"

नीलेशनं इकडंतिकडं बघितलं. "संडास."

 बापानं सुरी घेतली, केकवरचं 'लु' खरवडून काढलं, 'आ' तेवढा ठेवला, आणि पोरगी आर्या झाली.

*

बौद्धवाडीतले आबा एसटीत कंडक्टर होते. नात झाली तेव्हा सुनेला लेईलानी ठेवायचं होतं. मी माहिती घ्यायला गेले, तर आबा चष्मा पुसत बसलेले. मी म्हटलं, "लवकर ठरवा आबा, मला आज भरून द्यायचंय."

"बाई," ते म्हणाले, "माझ्या आज्याचं नाव कचऱ्या. ते त्याच्या आयनं ठेवलं न्हवतं, गावानं ठेवलं. इतकी वर्सं लोकांनी आमाला नावं ठेवली. आता आमी नाव ठेवतो. त्यात घाई नाय करायची."

मी खाली बसले. घाई माझीही गेली.

"अर्थ सांग गं," ते सुनेला म्हणाले.

"स्वर्गातली फुलांची माळ."

"त्यातला स्वर्ग कुठला?"

"लानी."

"स्वर्ग आपन मानत नाय. लानी काढ. माळ ऱ्हाऊ दे."

नातीचं नाव लेई झालं. वाडीत सगळे लई म्हणतात, आणि आहेही लई! परवा ती खेळणी सोडेना. मी ओरडले, "लई, पुरे झालं आता! जा घरी!" दारात सुपरवायझर मॅडम चप्पल काढत होत्या. म्हणाल्या, "अहो, मी आत्ताच येतेय!"

*

आता सारिकाचं सांगते.

सारिकाची आधीची दोन बाळं गेली. पहिलं आठव्या महिन्यात, पोटातच. दुसरं अकरा दिवसांचं होऊन. दोन्ही वेळा रजिस्टरातली शेवटची ओळ मीच लिहिली. तिसऱ्या वेळी मुलगी झाली, दीड किलोची. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावरही सारिका एका हातानं जेवायची. दुसरा हात बाळाच्या छातीवर, श्वास चालू आहे का बघायला.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे पूजा, कॉलेजात शिकणारी. तिनं ग्रुपवरच्या पाट्यांतूनच नाव काढलेलं. इंग्रजीत बघितलं, इंग्रजीतच आवडलं. अर्थ होता गाणं. कानात कुर्र केलं आणि हसत हसत मोठ्यानं सांगितलं, "मेले!"

पाळणा हलवणारे हात थांबले. सारिका पांढरीफटक पडली. आपण काय बोललो ते पूजाला तेव्हा कळलं. "वैनी, गाणं गं... गाणं म्हंजे..." म्हणता म्हणता ती रडायला लागली. बायका "बदला, बदला" करायला लागल्या. मीही तोंड उघडलं होतं.

भिंतीला टेकून सारिकाची आजेसासू बसली होती, धोंडाबाई. तिनं हात पुढं करून बाळ मागितलं. मांडीवर घेतलं, टोपडं सारखं केलं.

"माझ्या आयची माज्याआदी चार गेली," ती म्हणाली. "म्हनून मला धोंडी ठेवली. धोंडा कोन नेतंय? मी ऱ्हायले. हिचं नाव बदलू नका. यम दारात आला, इचारलं, हितं कोन हाय, तर सांगायचं, मेले. तो म्हनंल, हितलं काम झालेलं दिसतंय. जाईल फुडं!"

कुणी हसलं नाही.  सारिका म्हणाली, "हेच ठेवा."

मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात वजनाचा दिवस होता. काटा टांगला, यादी घेतली, एकेक नाव पुकारत गेले. ते नाव आलं की माझा आवाज अजून खाली जातो. हळूच म्हटलं, "मेले..."

मागून, सगळ्या बायकांच्या वर सारिकाचा आवाज आला.

"हाय, बाई! हाय!"