चिमणीचे दुधाचे दात

अन्याय झाला तो आमच्या चिमणीवर, तीन वर्षांपूर्वी, चाकणजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत, भर दुपारी. चिमणी म्हणजे माझी टोपी दातांत धरून पळणारं शिंगरू. आज गुलालाचा वास आला आणि पुन्हा डोकं तडकलं.

शर्यतीत बैलगाड्यापुढं धावायला घोडी हवी होती. चिमणीला शिकवणारे रहीमचाचा ओरडले, "दुधाचे दात हायेत अजून, हाडं कच्ची हायेत! वरीसभर पाठीवर कुणी बसायचं न्हाई!"

"मग काय दात मोजत बसू, चाचा?" म्हणत माझ्या काकांनी तिच्यावर स्वार चढवला.

आमचा गाडा पहिला आला. मीही गुलाल उधळला, याचाच आता संताप येतो. चिमणीचे गुडघे सुजले ते कायमचे. माझी टोपी तिनं पुन्हा कधी पळवली नाही.

येत्या जत्रेत घोडीचं तोंड उघडून बघा. दुधाचे दात दिसले, तर स्वाराला तिथंच खाली ओढा!