तयार उत्तरांची फाइल

पुण्यात शाळेत अकरा वर्षं शिकवलं, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे किस्से जेमतेम तीन होते. नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरूला आले, मारतहळ्ळीत एका बेकरीच्या वर जहागीरदार सरांच्या क्लासमध्ये दोन वर्षं काढली, आणि आता घरी कुणी जेवायला आलं की नवराच म्हणतो, "हिला क्लासचं विचारा." मग मी सुरू होते आणि लोकांच्या पानातला भात गार होतो.

क्लास कसला, तर इंग्रजीच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या परीक्षेचा. नवरा किंवा बायको इंग्लंडात स्थायिक झालेली असेल आणि आपल्याला तिकडे राहायला जायचं असेल, तर ही परीक्षा पास व्हावी लागते. समोर एक बाई बसते आणि दहा मिनिटं विचारते: नाव काय, घरी कोण कोण, सुट्टीत काय करता. बस्स. आमची पाचवीतली पोरं झोपेत पास झाली असती. पण चाळिशी आलेली असते, सगळा संसार त्या दहा मिनिटांवर टांगलेला असतो, आणि माणसाला आपलं नावसुद्धा आठवत नाही.

गिरिजाअक्काचं असंच झालं होतं. अक्का इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातली, चिकपेटेत साड्यांना फॉल-पिको करणारी. नवरा सहा वर्षांपूर्वी स्वयंपाकी म्हणून इंग्लंडला गेला आणि तिकडेच राहिला. अक्का दोनदा परीक्षेला बसून दोनदा नापास झाली होती. दर वेळी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवऱ्याचा फोन यायचा, "नाहीतरी तुला जमायचं नाही, कशाला जीव काढतेस?" अक्का कानडीत म्हणायची, "सरी," म्हणजे बरं, आणि दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून पुन्हा क्लासला हजर व्हायची.

*

आता आमचे सर. सरांचं इंग्रजी म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, त्यातला प्रकार. पण नियम करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी दारावर पाटी लावली: आत आल्यावर फक्त इंग्रजीत बोलायचं. जो दुसऱ्या भाषेत बोलेल, तो पंधरा मिनिटं बाहेर.

परिणाम व्हायचा तोच झाला. लोक यायचे, चपला काढायचे, बसायचे आणि गप्प राहायचे. तहान लागली तरी कुणी पाणी मागेना. इंग्रजी येत असतं तर ते क्लासला कशाला आले असते? सर मात्र खूश. "वातावरण बघा मॅडम," म्हणायचे, "किती सीरियस."

महिन्याभराने खालचे बेकरीवाले अण्णा मला जिन्यात भेटले. हिंदीत म्हणाले, "मॅडम, या बिल्डिंगमध्ये तुमच्यासारखे चांगले लोक आजवर आले नव्हते. आमच्या घरात फार भांडणं होतात. आमच्या मिसेसलाही तुमच्या ध्यानाला पाठवू का?"

*

सरांची खरी दौलत म्हणजे त्यांची फाइल. तिच्यात परीक्षेतल्या प्रत्येक प्रश्नाचं तयार उत्तर होतं. ते पाठ करायचं आणि समोरच्या बाईने तोंड उघडलं की म्हणून टाकायचं. छंद विचारला, तर उत्तर ठरलेलं: मला बागकामाची आवड आहे, रोज मी माझ्या बाल्कनीत उभी राहते आणि गुलाबांना पाणी घालते. पुरुषांसाठी तेवढं 'राहतो'. इंग्रजीत तोही फरक नाही, म्हणून सर फाइलवर आणखीच खूश.

मी एकदा म्हटलं, "सर, आपला मल्हारी तिकडे पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत एका खोलीत राहतो. त्याला खिडकी नाही, बाल्कनी कुठली?" हा मल्हारी लेथ मशीनवर काम करायचा, त्याची बायको तिकडे नर्स होती. सर म्हणाले, "तपासायला कोण येतंय?"

आमच्या क्लासचे चार जण एकाच दिवशी परीक्षेला गेले. बाई एकच, खोली एकच. पहिल्याने बाल्कनीत गुलाबांना पाणी घातलं. दुसरीने घातलं. तिसऱ्याने घातलं. चौथा मल्हारी. तोही बाल्कनीत जाऊन उभा राहिला, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश इंग्रजीत विचारलं की आज त्या बाल्कनीत आधीच तीन माणसं उभी आहेत, तुम्हाला जागा कशी मिळते?

फाइलमध्ये याचं उत्तर नव्हतं. मल्हारी म्हणाला, "नो प्रॉब्लेम मॅडम. दे मॉर्निंग. आय सेकंड शिफ्ट."

चौघांत तो एकटा पास झाला. अख्ख्या दिवसात बाईंनी ऐकलेलं ते पहिलंच स्वतःचं उत्तर असावं. सरांनी यातून काय धडा घ्यावा? दुसऱ्या दिवशी 'आय सेकंड शिफ्ट' फाइलमध्ये चढलं आणि जिने आयुष्यात नोकरी केली नव्हती अशा प्रत्येक बाईला ते पाठ करावं लागलं.

*

एकदा परीक्षा केंद्रावरून फोन आला. तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला क्लासच्या मुख्य माणसाशी दोन मिनिटं बोलायचं होतं. फोन मीच उचलला होता. मी हातानेच खूण केली, सर, तुमच्यासाठी.

सरांनी रिसीव्हरकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या हातात पाल देते आहे. "मॅडम, तुम्हीच बोला," ते चांगलं खड्या आवाजात म्हणाले, "आज माझं मौन असतं."

मी बोलले. फोन ठेवून वळले तर सर बाहेर कुणालातरी फीमध्ये सवलत का मिळणार नाही ते समजावून सांगत होते. मौन सुटलं असावं.

*

आता सरांवरच सगळा राग काढला तर बाकीच्यांवर अन्याय होईल. प्रणालीचा नवरा घ्या. प्रणाली नागपूरकडची, मराठीत बी.ए. केलेली, हुशार मुलगी. नवरा बेळ्ळंदूरला मोठ्या कंपनीत. मधली बरीच वर्षं इंग्लंडात राहून तिकडचा पासपोर्ट घेऊन आलेला, आता बायकोला घेऊन परत जायचं म्हणत होता. तो तिला एकटीला क्लासला सोडायचा नाही. मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसायचा.

मी इंग्रजीत विचारायचे, "तुझं नाव काय?" मागून उत्तर यायचं, "प्रणाली." मी विचारायचे, "तुला खायला काय आवडतं?" मागून, "पास्ता." पोरगी सावजी रश्श्यावर वाढलेली, तिने पास्ता लग्नानंतर पाहिला होता.

वर माझे उच्चार सुधारायचा. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, आज ऐकण्याचा सराव आहे, तुम्हीही पेपर सोडवा. स्टेशनवरची एक साधी घोषणा होती: गाडी कुठली, फलाट कुठला, किती वाजता. प्रणालीचे सगळे बरोबर आले. साहेबांचा फलाट चुकला आणि वेळही चुकली, कारण घोषणा चालू असताना ते ऑफिसचा मेसेज वाचत होते. पेपर बघून म्हणाले, "या रेकॉर्डिंगचा अ‍ॅक्सेंटच न्यूट्रल नाहीये." नाचता येईना अंगण वाकडं.

परीक्षेच्या दिवशी त्याला आत जाऊ देईनात, तर केंद्राच्या दारात रखवालदाराशी हुज्जत घालत बसला. प्रणाली बाहेर आली तसा तिच्यावर तुटून पडला, "काय विचारलं? काय विचारलं?"

"माझं नाव विचारलं," प्रणाली म्हणाली. "मीच सांगितलं."

*

आणि आमची अक्का. दोन वेळा ती एकाच जागी अडली होती. फाइलमध्ये नवऱ्याबद्दल वाक्य होतं, 'माय हजबंड इज लव्हिंग अँड केअरिंग.' बाकी सगळं अक्का घडाघडा म्हणायची, पण इथे आली की गप्प. जीभच वळायची नाही. सर टेबलावर हात आपटायचे, "लव्हिंग अँड केअरिंग! तीन शब्द आहेत अक्का!" अक्का खाली बघत राहायची. मला सरांची तेव्हा जेवढी चीड आली, तेवढी कधीच आली नाही.

तिसऱ्या परीक्षेच्या आधी मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "अक्का, फाइल घरी ठेवा. जे खरं आहे ते बोला, मोडकं तर मोडकं." आणि एवढं सांगितलं की समजलं नाही तर न घाबरता परत विचारायचं, सावकाश बोला म्हणायचं, परीक्षेत त्याला परवानगी असते. ही दोन वाक्यं मात्र तिच्याकडून घोटून घेतली.

बाईंनी तिला नवऱ्याबद्दल विचारलंच. अक्का म्हणाली, "माय हजबंड इज कुक. गुड कुक. सिक्स इयर्स आय नॉट ईट." हे तिनेच मला सांगितलं.

पास झाली. निकाल आला तेव्हा अक्का वर्गातच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खालून अण्णांनी बनपाव पाठवले. दुपारची वेळ होती, तिकडे सकाळ. अक्का म्हणाली, "ह्यांना आत्ताच सांगते, टीचर." कानातलं झुमकं काढायचा कंटाळा, म्हणून तिने फोन स्पीकरवर लावून बाकावर ठेवला.

"पास झाले मी," ती म्हणाली.

पलीकडे भांडी वाजत होती. मग नवरा मराठीत म्हणाला, "बरं झालं. पण गिरिजा, इतक्यात नको येऊस. इथे घर लहान आहे. पुढच्या वर्षी बघू."

 सर पाटीकडे बघत उभे होते.

अक्काने पदर सारखा केला, ताठ बसली आणि सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली, "सॉरी. कॅन यू रिपीट, प्लीज?"

"अगं, घर लहान आहे. माझ्यासोबत आणखी लोक राहतात. पुढच्या वर्षी..."

"कॅन यू स्पीक स्लोली, प्लीज?"

"घर... लहान... आहे, गिरिजा. तू... समजून... घे. इथे..."

 अक्काने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं, आमच्या सराव परीक्षेत वेळ संपली की मी बघायचे तसं. तिने फोन उचलला.

"थँक यू," ती म्हणाली. "युवर टेस्ट इज ओव्हर."