चौकटीचे कोपरे

ऑफिसात शिरल्या शिरल्या बूट काढून मोजे टेबलाच्या कडेला वाळत घालणाऱ्या साहेबांची तिला आधीपासूनच किळस यायची. पण त्या दिवशी ते "चालतंय की" म्हणाले आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

काम होतं रुग्णवाहिकांचं. फोन आला की कुठली गाडी धाडायची, हे नकाशावरून सांगणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. प्रत्येक गाडीला तिचा इलाका नेमून दिलेला, आणि इलाके नदीच्या वळणांनी वेडेवाकडे झालेले. असे आकार एकेक करून तपासत बसलं तर रोग्याचं काही खरं नाही. म्हणून तयार कोडच्या लायब्ररीतला इंडेक्स वापरायचा. तो प्रत्येक इलाक्याभोवती सरळसोट चौकट आखून ठेवतो आणि विचारलं की क्षणात सांगतो, हे घर अमक्या अमक्या चौकटींत बसतं. आता चौकट म्हटली की कोपरे आले, आणि कोपऱ्यांत नदीपलीकडची घरंही येतात. इंडेक्स देतो ते नुसते संशयित. खरा इलाका कुठला, ते मूळ आकाराशी ताडून आपणच बघायचं. हे तिला काकांनी शिकवलं होतं. काका म्हणजे शेजारच्या टेबलावरचे, ऑफिसातले सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचेच काका.

साहेबांनी आदल्याच दिवशी नेमकी ती ताडायची पायरीच काढून टाकायला लावली होती. गिऱ्हाइकाला उत्तर झटकन दिसायला हवं होतं ना!

"अहो साहेब, नदीपलीकडची गाडी निघेल. पूल पार गावाबाहेर आहे. माणूस जाईल एखादा."

"कोपऱ्यातली घरं अशी असून असून किती असणार? चालतंय की. सोमवारी सुरू करायचंय." पायाची बोटं चोळत ते म्हणाले, आणि त्याच हातानं पुड्यातलं बिस्कीट उचललं.

तिची दम्यानं बेजार आई नदीकाठीच राहायची. जागेवर येऊन तिनं आईचा पत्ता टाकून पाहिला. पडद्यावर पलीकडच्या काठावरची गाडी हजर.

साहेब काकांचा शब्द खाली पडू देत नसत. ती तडक त्यांच्याकडे वळली. "काका, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली. "कशाला वाकड्यात शिरतेस, पोरी? आईचं घर नेमकं कुठं ते सांग. तेवढ्यापुरती तपासणी ठेवतो. कुणाला कळायचंही नाही."

ती माया तिला साहेबांच्या मोज्यांहून घाण वाटली. त्याहून घाण गोष्ट ही, की पत्ता तिच्या अगदी ओठांवर आला होता.

"आणि बाकीच्यांच्या आया?"

"सगळ्यांचं आपण कुठं बघत बसणार?"

"तुमचं घरही त्याच वळणावर ना, काका? तुम्हाला भीती नाही वाटत?"

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. "माझं घर मी कालच त्या तपासणीत टाकलंय," ते म्हणाले.