अ‍ॅनिमोनीनं आमची गोगलगाय गिळली!

मंडळी, छाती अजून धडधडतेय. लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

यवतला आमच्या घरी थंड समुद्राच्या पाण्याची टाकी आहे. पाणी गार ठेवायला चिलर लावलाय. आत एक अ‍ॅनिमोनी, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, आणि काचेवरचं शेवाळ खाणारी एक गोगलगाय.

आज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत गोगलगाय काचेवरून सुटली आणि थेट अ‍ॅनिमोनीच्या तोंडावर पडली. त्यानं ती गिळली! शंखासकट! मी किंचाळलेच. चिमटा घेऊन हात पाण्यात घातला.

सासरे धावत आले. "आगं थांब! वढू नको. फाटंल त्ये, मग दोन्हीबी जात्याल."

"आप्पा, ती आत मरेल हो!"

"मरंल न्हाई तर जगंल. पर फाडल्यालं जोडता येत न्हाई."

मी चिमटा बाजूला ठेवला. ऑफिसला गेलेच नाही, टाकीसमोर बसून राहिले. अ‍ॅनिमोनीचं पोट टम्म फुगलं होतं.

दुपारी त्यानं शंख बाहेर टाकला. आप्पा हळूच म्हणाले, "गेली वाटतं." मला रडूच आलं. शंख उचलायला हात घातला, तर शंखाच्या तोंडावरचं झाकण सरकलं आणि आतून दोन शिंगं बाहेर आली!

जिवंत! इतका वेळ ती दार लावून आत बसली होती.

खरं सांगा, सकाळी माझ्या जागी असता तर तुम्ही चिमटा मागं घेतला असता का?