मागच्या सीटखालचा पत्रा

"घरचीच आहेस तू," असं दादा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. बरं वाटलं होतं हे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून तेही लिहिते.

दादा माझ्या नात्यातले नाहीत. मी नेदरलँड्समध्ये एनस्खेडेला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करायला आले, त्या पहिल्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख झाली. मूळचे पुण्याचे, आयटीत, इथे दहा-बारा वर्षं. नीउ-व्हेनेपला स्वतःचं घर आणि घराला लागून गॅरेज. जेवणाच्या रांगेत त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"ऑटोमोबाईलमध्ये आहेत," मी म्हणाले. इथे मी सगळ्यांना हेच सांगत असे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझे वडील कराडजवळ हायवेच्या कडेला एका शेडमध्ये डेंटिंग करतात. ठोकर लागलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करतात. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. आई कारखान्याच्या कॅन्टीनला कामाला जायची, घरी कोणी नसायचं, म्हणून शाळा सुटली की मी शेडमध्ये बसायचे आणि बसल्या बसल्या शिकले. आत्या अजूनही म्हणते, "पोरीच्या हातात पोळपाट द्यायचा सोडून पत्रा ठोकायचा ठोकळा दिला."

दादांनी मात्र पुढे विचारलं, "म्हणजे नेमकं काय?" त्यांच्या आवाजात खरी उत्सुकता होती. मी सांगून टाकलं. ते हातातली ताटली खाली ठेवून म्हणाले, "अगं, मग तू तर खानदानी मेकॅनिक. ये एकदा घरी. तुला एक गंमत दाखवतो."

ती गंमत म्हणजे एक जुनी अमेरिकन मसल कार. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. कंटेनरमध्ये बसून रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेली. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठी. इंजिन बाहेर काढून ठेवलेलं, दारं भिंतीला टेकवलेली, आणि पत्रा जिथे हात लावावा तिथे गंजलेला. दादांनी व्हिडिओ बघून बघून इंजिन समजून घेतलं होतं, ते मी मानते. पण पत्रा त्यांना येत नव्हता. पत्रा व्हिडिओतून येत नाही. त्याच्यावर फडकं ठेवून तळवा फिरवावा लागतो, तेव्हा डोळ्याला न दिसणारा खळगा हाताला कळतो.

सप्टेंबर ते मे, मी जवळजवळ प्रत्येक शनिवारी गेले. एनस्खेडेहून शिफोल, तिथे गाडी बदलून नीउ-व्हेनेप. अडीच तास जायला, अडीच तास यायला. वहिनी गरम पोळ्या वाढायच्या. त्या लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर आल्या होत्या आणि आता स्वतःचा डब्यांचा व्यवसाय चालवत होत्या. परत निघताना माझ्या पिशवीत आठवड्याची भाजी असायची. त्यांची दहा वर्षांची मुलगी मला ताई म्हणायची. मी मराठीत बोलायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं. एकदा तिने माझ्या दहाही नखांना मेंदी लावली. वरून बजावलं की ग्राइंडर चालवताना ती खरडायची नाही.

सांगायचा मुद्दा हा की मला तिथे जायला आवडत होतं. मला कोणी फसवून नेलं नव्हतं.

मे महिन्यात मी मागची सीट काढली. मागची चाकं ज्या पोलादी पाट्यांवर झुलतात, त्या पाट्यांचं पुढचं टोक चॅसिसला जिथे अडकतं, ती जागा बरोबर त्या सीटखाली येते. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. आतून तपकिरी भुगा सांडला, चहाच्या पावडरीसारखा. दुसऱ्या बाजूलाही तेच. तिथला पत्रा तुटला तर पाट्याचं टोक सरळ वर येतं, सीटच्या खालून. ते समजायला मास्टर्सची गरज नाही.

मी दादांना बोलावून दाखवलं. ते वाकून बघत म्हणाले, "हं. काय करावं लागेल?"

"मागचा अ‍ॅक्सल पूर्ण उतरवावा लागेल. हा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागेल. चार-पाच शनिवार जातील. करायचं का, दादा?"

"बघू. ते शेवटी करू."

मग माझ्या परीक्षा आल्या, नंतर दोन महिन्यांची इंटर्नशिप. सप्टेंबरात परत गेले तर गाडी नारिंगी रंगात उभी होती, चाकांवर. खाली सगळीकडे डांबरासारखा काळा लेप मारलेला, गुळगुळीत. मी खाली वाकून त्या जागेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. चांगला पत्रा वाजतो. हा वाजला नाही. उशीवर मारल्यासारखा बसका आवाज आला.

"दादा, आत वेल्डिंग केलं का?"

"फायबर भरलंय, वर पुट्टी. दगडासारखं झालंय, काळजी करू नकोस."

"पण तो भार घेणारा भाग आहे…"

"अगं, पन्नास वर्षांवरच्या गाडीला इथे तपासणी नसते. कोण खाली झोपून बघणार आहे?" ते हसले. "दसऱ्याला पूजा करून बाहेर काढायची. तू फक्त डाव्या दाराची रेष जुळव. ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

आणि मी डाव्या दाराची रेष जुळवली. कोणी दरडावलं नव्हतं. मी निमूट जाऊन दाराच्या बिजागऱ्या सैल केल्या. त्या दिवसाचा राग मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो दादांवर नाही. इतक्या पोळ्या खाऊन त्या माणसाला त्याच्याच घरात चुकीचं कसं म्हणायचं, हे मला कळत नव्हतं. आमच्याकडे मोठ्यांना असं बोलत नाहीत. घरच्यांना तर नाहीच.

दसरा आठवड्याच्या मध्ये आला होता. इथे सगळेच सण शनिवार-रविवारी सरकवतात, तसा दादांनी तो रविवारी धरला. खंडेनवमी मात्र कोणी सरकवली नाही, कारण ती कोणाच्या लक्षातच नव्हती. माझ्या वडिलांच्या शेडमध्ये त्या दिवशी एकही हत्यार उचलत नाहीत. सगळी धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून सतरंजीवर मांडतात. मी माझ्या खोलीत टेबलावर वडिलांची हातोडी आणि हातात मावणारा लोखंडी ठोकळा मांडला. या दोन वस्तू त्यांनी मला विमानतळावर दिल्या होत्या, कापडात गुंडाळून. सामानाच्या वजनात बसाव्यात म्हणून मी दोन पुस्तकं काढून ठेवली होती.

शनिवारी ट्रेनमधून वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"तायडे, मालकाला सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं, आप्पा."

"काय सांगितलंस? त्याच शब्दात सांग."

मी सांगितलं. करायचं का, दादा. केलं का, दादा.

फोनमध्ये त्यांच्या मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. "ह्ये सांगणं न्हाई. ह्ये इचारणं झालं," ते म्हणाले. "पुट्टी तोंडाला लावायची असती, हाडाला न्हाई. तुला ठाव हाय, त्याला न्हाई. मग चूक कुणाची?"

मला त्यांचाही राग आला. शेडमध्ये ते स्वतः एकाही गिऱ्हाइकाला उलट बोलत नाहीत, ते मी पाहिलेलं आहे. पण एक खरं, असली गाडी त्यांनी कधी शेडबाहेर जाऊ दिलेली नाही.

त्या दिवशी दिवसभर मी पॉलिश केलं. सांगितलं नाही. उद्या सांगू, सगळे गेल्यावर सांगू, असं करत बसले.

रविवारी दहा-बारा माणसं आली. गॅरेजसमोर विटांच्या फरशीवर रांगोळी, बॉनेटवर शेवंतीचा हार, चारही चाकांखाली लिंबं. दादा प्रत्येकाला सांगत होते, "दीड वर्ष. एकट्यानं, वीकेंडला, इथंच." मंडळातले एक काका म्हणाले, "एकट्यानं? मग तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओत हातोडी मारणाऱ्या हाताच्या नखांना मेंदी होती, ती तुम्ही लावली होती का?"

सगळे हसले. दादाही हसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही आमची एनस्खेडेची. घरचीच आहे. मधूनमधून मदतीला येते."

मधूनमधून. मी पण हसले. तेव्हा मी काहीही ऐकून हसत होते.

मुलगी मागच्या सीटवर जाऊन बसली होती. जुन्या गाडीत मागे पट्टे नव्हते, आणि अशा गाडीत मुलांनी मागेच बसायचं असा इथला नियम आहे, तो दादांनी व्यवस्थित वाचून ठेवला होता. तेवढा नियम त्यांना सापडला होता. ती काचेतून मला हात करत होती, शेजारची जागा थोपटून दाखवत होती.

दादांनी नारळ फरशीवर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. मग ते आत गेले आणि माझ्या पिशवीतली हातोडी घेऊन आले.

पत्र्याच्या हातोडीचं तोंड आरशासारखं गुळगुळीत ठेवतात. त्याला एक बारीक खाच पडली तर ती पुढच्या प्रत्येक पत्र्यावर उमटते. वडील त्या हातोडीने खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. तिच्यावर बुधवारच्या खंडेनवमीचं कुंकू होतं. दादांनी ती उचलली, नारळावर हाणली, नारळ सटकला आणि हातोडी विटेवर बसली. ठिणगी उडाली. त्यांनी परत हात उचलला.

"ठेवा ती खाली," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण मी तो आधी ऐकलेला नव्हता. सगळे थांबले.

"अगं, नारळ फोडतोय…"

"हातोडी द्या इकडे. आणि तिला गाडीतून उतरवा. सीटखालचा पत्रा सडलाय. आत नुसती पुट्टी आहे."

मला याची लाज वाटते, आणि ती मी इथे कमी करून लिहिणार नाही. त्या मुलीसाठी महिनाभर माझं तोंड उघडलं नव्हतं. हातोडीसाठी उघडलं.

दादा पाहुण्यांकडे बघून हसले. "थिअरी वाचून वाचून घाबरतात ही मुलं. अजून डिग्री हातात यायचीय."

वहिनी दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. "काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं. दादांना नाही, मला.

मी उत्तर दिलं नाही, कारण बोलायला लागले असते तर पुन्हा काहीतरी विचारूनच थांबले असते. आतून स्क्रूड्रायव्हर आणला. अंगात दसऱ्याचा नवा कुर्ता होता. तशीच मागच्या चाकापुढे फरशीवर आडवी झाले, हात खाली घातला आणि काळ्या लेपावर टोक ठेवून सगळा जोर लावला. आधी पुट्टी कडकन फुटली. मग काहीच लागलं नाही. टोक मुठीपर्यंत आत. बाहेर ओढलं तसा भुगा आणि फायबरचे धागे रांगोळीवर पडले.

वहिनींनी ताट खाली ठेवलं, गाडीचं दार उघडलं, पुढची सीट वाकवली. मुलीचा दंड धरून तिला बाहेर काढलं आणि आत जाऊन टीव्ही लाव म्हणाल्या. मग त्या दादांकडे बघत राहिल्या. मेंदीवाले काका खाली वाकून भोक बघत होते.

"तुला घरची समजत होतो," दादा म्हणाले. "चारचौघांत हे करायची काय गरज होती? आधी सांगता येत नव्हतं?"

"मे महिन्यात सांगितलं होतं," मी म्हणाले.

तेही खोटंच होतं. मी मे महिन्यात विचारलं होतं. पण ते त्यांना सांगायची माझी तेव्हा तयारी नव्हती.

मी हातोडी आणि ठोकळा कापडात गुंडाळला आणि स्टेशनवर गेले. वहिनी मागून सायकलवर आल्या आणि डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू दर वेळेस तिच्या शेजारी बसून जेवायचीस गं." एवढंच बोलून वळल्या. त्या रागावल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. डब्यात श्रीखंड-पुरी होती. शिफोलपर्यंत मी झाकण उघडलं नाही.

हातोडीच्या तोंडावर कडेला अर्धचंद्रासारखी खाच पडली आहे. मी रोज बारीक पॉलिश पेपरने थोडं थोडं घासते. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

तीन आठवड्यांनी दादांचा मेसेज आला. माफी वगैरे काही नाही. एक फोटो: गाडी स्टँडवर चढवलेली, मागचा अ‍ॅक्सल उतरवलेला, गंजका भाग कापून काढलेला. खाली लिहिलं होतं, "एवढं पुरे का? तू कधी येतेस?"

मी फोटो मोठा करून पाहिला. कापलेल्या कडेवर अजून तपकिरी ठिपके होते. काय लिहावं याचा नेहमीसारखा घोळ सुरू झाला. "दादा, मला वाटतं" असं टाइप केलं आणि पुसलं. राग तसाच होता, तो आजही गेलेला नाही. मग लिहिलं:

"पुरे नाही. दोन्ही बाजूंनी आणखी चार बोटं कापा. स्वच्छ पत्रा लागेपर्यंत वेल्डिंग करायचं नाही. आणि तोवर तिला त्या गाडीत बसवायचं नाही."

कधी येते, ते लिहिलं नाही.