भोंगा झाल्यानंतरचं जेवण

आमच्या शाळेत एकदा ताणमुक्तीचं शिबिर झालं होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी आम्हा सगळ्या शिक्षकांना डोळे मिटायला लावलं आणि म्हणाल्या, समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा, लाटा येताहेत, जाताहेत. मराठवाड्यात जन्मलेल्या बाईनं समुद्र आणायचा कुठून? मला एकदम आठवलं, सकाळी निघताना गॅस बंद केला होता की नाही. उरलेला तास मी त्याच काळजीत काढला.

शांत बसणं माझ्या पिंडातच नाही. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आमचे हे बरोबर उलटे. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी वंदना झाली की ताठ बसून आनापान करायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं नुसतं बघत राहायचे. मी झाडू मारता मारता म्हणायची, "श्वास तर म्हैसपण घेती. तिला कुणी आसन टाकून देतं का?" डोळे न उघडता हे म्हणायचे, "म्हैस तुझ्यावानी वरडत नाय." आणि पुन्हा बसून राहायचे. मला आणखीच राग यायचा.

मागच्या हिवाळ्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. आणि ज्याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता ते गिळणंही गेलं. घास घशात उतरायच्या ऐवजी श्वासाच्या वाटेला लागायचा. दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती यांनी डाव्या हातानं उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग तो एकच चालता हातही कॉटला बांधला. त्या बांधलेल्या हाताकडं बघून त्यांनी माझ्याकडं बघितलं. तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये लोखंड वाकवलेला माणूस, कुणापुढं कधी हात न पसरलेला. ती नजर मला सहन झाली नाही. मी बाहेर जाऊन जिन्यात रडले.

घरी पाठवताना डॉक्टरांनी नळी काढली, पण बजावलं. तोंडानं भरवून बघा. अन्न फुफ्फुसात गेलं आणि न्यूमोनिया झाला, तर नळी पुन्हा घालावीच लागेल, आणि या वेळी ती कदाचित कायमची राहील. त्या दिवसापासून माझ्यापुढं एकच काम होतं. यांना तोंडानं जेवतं ठेवायचं.

गिळायचे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती दवाखान्यात. तिनं मला भरवायला शिकवलं. ताठ बसवा. हनुवटी छातीकडं. अर्धाच चमचा. मग थांबा. कंठ वर जाऊन खाली आला की तोंड उघडायला लावून बघा, आत काही उरलं नाही ना. मगच दुसरा घास. टीव्ही नको, मोबाइल नको, गप्पा नकोत. "आणि काकू," ती म्हणाली, "तुमचंही लक्ष दुसरीकडं नको. तुम्ही गडबडलात की तेही गडबडतात."

बोलायला सोपं होतं. मी नोकरीत असताना वर्गात मुलांच्या वह्या तपासता तपासता डबा खाणारी बाई. पहिले काही दिवस चमचा हातात धरून थांबणं म्हणजे शिक्षाच वाटली. कंठ हलेपर्यंत माझ्या डोक्यात कपडे वाळत घातलेले असायचे, सिलिंडर लावून झालेला असायचा, जावेशी भांडण करून तिला गप्प बसवलेलं असायचं. मग माझी मलाच लाज वाटायची आणि मी पुन्हा त्यांच्या गळ्याकडं बघायची. शेवटी एक युक्ती सापडली. त्यांचा घास उतरेपर्यंत आपण आपला एक श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा, बाकी काही करायचं नाही. ज्याची इतकी वर्षं टिंगल केली तेच माझ्या वाट्याला आलं, हे यांच्याही लक्षात आलं असावं. डाव्या बाजूनं थोडंसं हसायचे.

पण ठसका जाईना. दुपारचं जेवण सुरळीत सुरू व्हायचं, आणि शेवटाकडं नेमका ठसका लागायचा. डोळे पांढरे व्हायचे, चेहरा काळानिळा. सगळे म्हणायचे, थकतात ते, कमी भरवत जा. म्हणून मी ताट अर्ध्यावर उचलायला लागले. हे वाळत चालले. शेजारच्या भाभी, यांच्याच कंपनीतल्या दोस्ताची बायको, खिडकीतून बघून हळहळायच्या. "भाभी, भाईसाब को पेटभर तो खिलाओ," म्हणायच्या. मी त्यांच्यावरही खेकसले. माझ्या पोटात भीती होती, ती तोंडावाटे दुसऱ्यांवर निघत होती.

मग एका दुपारी मी त्यांच्या हाताकडं बघत होते. मांडीवर ठेवलेला डावा हात एकदम उठला आणि माझ्या हातातला चमचा ओढायला लागला. तोंडात घास असतानाच. मी घाबरून चमचा मागं घेतला, आणि तेव्हा मला ऐकू आलं. कंपनीचा भोंगा.

आम्ही कंपनीजवळच, बजाजनगरमध्ये राहतो. इथं भोंगा घड्याळासारखा रोज वाजतो, त्यामुळंच तो कुणाला ऐकू येत नाही. जेवणाच्या सुट्टीचा एक, सुट्टी संपल्याचा एक. सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात मशीनपासून कँटीनपर्यंत चालायचं, हात धुवायचे, रांगेत उभं राहायचं. खायला उरायची चार-दोन मिनिटं. यांच्या पाळीतले सगळे असेच, बकाबका. रविवारी घरीसुद्धा हे पहिले ताटावरून उठायचे. मी म्हणायची, "कोण पाठीमागं लागलंय?" तर म्हणायचे, "सवय हाय, काय करू."

आणि डॉक्टर म्हणाले होते ना, जेवणाची वेळ नेहमीचीच ठेवा. मी मोठ्या शहाणपणानं कंपनीचीच वेळ ठेवली होती. पूर्वी भोंगा व्हायच्या आत ताट रिकामं असायचं. आता आमचं सावकाश जेवण त्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत लांबायचं, आणि तो झाला की यांच्या अर्ध्या मेलेल्या अंगातला कामगार जागा व्हायचा. ते थकत नव्हते. त्यांना कामावर पोचायचं होतं. हे कळलं तेव्हा मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग इतकं रडू आलं की चमचा खाली ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून मी दुसरा भोंगा होऊन गेल्यावरच ताट वाढायला लागले. ठसका जवळपास थांबला. हे पोटभर जेवायला लागले, गालावर थोडं मांस आलं. ईदला भाभींनी शीरखुर्मा यांना गिळता यावा म्हणून पातळ न ठेवता आटवून, सुका मेवा वाटून आणला. ज्यांच्यावर खेकसले होते, त्यांना मी चहाला बसवून घेतलं.

पावसाळ्यात यांना ताप आला, दवाखान्यात भरती केलं. छातीच्या फोटोत न्यूमोनियाचा डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, आता नळी घालून टाकू, रिस्क नको. पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, घालू दे ना नळी. तुझेपण हाल वाचतील." तो चुकीचं बोलत नव्हता. पण हे सगळं ऐकत होते, आणि त्यांनी डावा हात चादरीखाली लपवला.

त्या गिळणं शिकवणाऱ्या मुलीनं डॉक्टरांकडून एका जेवणापुरती सवड मागून घेतली. माझ्यासमोर भरवा, म्हणाली, मी गळ्यावर बोट ठेवून बघते. वॉर्डात कोण ट्रॉली ढकलतंय, कोण फोनवर ओरडतंय, शेजारच्या कॉटवर सहा नातेवाईक. मी मऊ भाताचा चमचा भरला आणि घाईघाईनं त्यांच्या तोंडाकडं नेला. भात चादरीवर सांडला. मला वाटलं, संपलं. माझ्याच हातानं नळी घातली मी यांना.

यांनी चादरीखालून हात काढला. माझ्या मनगटावर ठेवला आणि डोळे मिटले. त्यांची छाती हळूहळू वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. मी पण डोळे मिटले. समोर ना समुद्र आला ना काही, फक्त त्यांचा हात मनगटावर जाणवत होता, तापानं कढत. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर हे माझ्याकडं बघत होते, हनुवटी छातीकडं झुकवून, तोंड उघडून. माझ्याआधीच तयार.

वाटी संपेपर्यंत एकही ठसका लागला नाही. त्या मुलीनं बोट काढलं, छाती तपासली, डॉक्टरांशी बोलून आली. "नळी नको," म्हणाली. "सध्या तरी."

मी बाहेर येऊन मुलाला फोन लावला. त्यानं घाईनं विचारलं, "काय झालं? पप्पा बरे होतील ना?"

"आज जेवले," मी म्हणाले.

"ते ठीक आहे आई, पण पुढं?"

पुढचं मला माहीत नव्हतं. एरवी असल्या प्रश्नावर मी फोनवरच तडकले असते, नाहीतर खोटा धीर दिला असता. या वेळी दोन्ही करावंसं वाटलं नाही.

"वाटीभर भात," मी म्हणाले. "सगळा खाल्ला त्यांनी."

पलीकडं तो रडायला लागला, आणि मी त्याचं रडणं ओसरेपर्यंत थांबले.