चौथं घर

नवी मुंबई आणि जर्मनीतलं एल्सहाफन ही दोन बंदरांची शहरं एकमेकींच्या बहिणी आहेत, हे आपल्याकडे फार तर शंभर माणसांना ठाऊक असेल. त्यातल्या नव्वदांना ते वाशीच्या वैजयंतीबाईंनी सांगितलेलं. त्यांचे यजमान अरविंदराव न्हावा शेव्यातून निवृत्त झालेले. ते म्हणत, "लग्नात मला मेहुणी नव्हती. म्हातारपणी अख्खं शहर मेहुणी झालंय, आणि मानपान काही संपत नाही."

बाई बारा वर्षं या भगिनी-शहर मंडळाच्या अध्यक्ष होत्या. पगार नाही, मानधन नाही. पत्रं लिहायची, विमानतळावर जायचं, पाहुण्यांच्या पोटाला तिखट सोसत नाही हे घरोघर समजावायचं, सगळं त्यांच्याच गळ्यात. एका वर्षाआड तिकडची माणसं येत आणि घरांत राहत. हॉटेल चालत नसे, तसा करारच होता. यंदा फेब्रुवारीअखेर आठ जण यायचे होते, एका घरी दोघं. कराराची मुदतही यंदाच संपत होती. तिकडून स्वच्छ कळवलेलं: चार घरं मिळाली तर पुढे, नाहीतर इथेच थांबू.

घरं मिळवायची बाईंची एक रीत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या सगळ्या सभासद बायकांना बोलावत आणि वाण हातात देतानाच विचारत, "यंदा दोन पाहुणे तुझ्याकडे ना?" पंचवीस जणींसमोर नाही कोण म्हणणार? यंदाही तशीच तीन घरं ठरली आणि चौथं बाईंचं स्वतःचं.

पाहुणे यायला बारा दिवस उरले आणि सरस्वतीचा फोन आला. ती खाडीकाठच्या गावातली, तिचा मोठा बंगला.

"ताई, रागावू नका. मी तवा हो बोलले, पन आमच्या ह्यांनी वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या हायत."

"अगं, चारचौघींत शब्द दिलास ना?"

"चारचौघींत विचारलं म्हनून दिला, ताई."

बाईंनी सहा दिवस फोन केले. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन. बहुतेक घरांत हो-नाही बायकांच्या हातात नव्हतंच. शेवटी एकच नाव राहिलं. ते पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होतं, म्हणूनच शेवटी राहिलं.

नमिता. कामोठ्याची. चार वेळा पाहुणे ठेवलेली, मंडळातली सगळ्यांत चांगली यजमानीण. गेल्या दिवाळीआधी तिचा नवरा सौरभ हार्ट अटॅकने गेला. बाई भेटायला गेल्या होत्या, पाठीवर हात फिरवून आल्या होत्या. त्यानंतर मात्र फोन नाही.

रविवारी सकाळी बाई तिच्या दारात उभ्या राहिल्या. नमिताने पाणी दिलं, चहा टाकला. घरात चपलांच्या स्टँडवर पुरुषाचे बूट अजून होते.

"किती जण येतायत?" तिने स्वतःच विचारलं.

"आठ. इनग्रिडबाई पण आहेत. त्यांना तुझ्याचकडे आवडतं." बाईंनी कप खाली ठेवला. "एक घर कमी पडतंय, नमिता. करारच जाईल गं."

"घरं हळदीकुंकवाला ठरतात ना, वैजयंतीताई?"

बाईंनी कप बशीत सरळ केला.

"मला बोलावणं नव्हतं. म्हटलं, यंदा पाहुणे नसतील."

"अगं, तुलाच त्रास होईल असं वाटलं. बायका काहीबाही बोलतात. मला सुचलंच नाही की…"

"सुचलं. सुचलं म्हणूनच फोन केला नाहीत." नमिताचा आवाज चढला नाही. "इनग्रिडबाईंचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मागच्या खेपेला तुम्ही त्यांना तुमच्या हाताने कुंकू लावलंत, डोक्यात गजरा माळलात. फोटो मीच काढला. मंडळाच्या अंकात पहिल्या पानावर छापलात."

"त्यांचं वेगळं. त्यांच्यात तसं काही नसतं."

"आणि आपल्यात असतं?"

पाहुणीला लावलेलं कुंकू म्हणजे आदरातिथ्य. त्यात बाईंना कधी काही खटकलं नव्हतं.

"चूक झाली माझी," त्या म्हणाल्या. "आता एवढ्या वेळेला सांभाळून घे. माझ्यासाठी नको, मंडळासाठी."

"मंडळाला माझं घर चालतं, ताई. मी चालत नाही. चहा गार होतोय."

बाई तो चहा पिऊन उठल्या.

दुपारी त्यांनी एल्सहाफनला ईमेलने पत्र लिहिलं. चौथं घर मिळालं नाही, एवढं लिहून झालं; का मिळालं नाही, तिथे हात थांबला. 'एका कुटुंबाची अचानक अडचण' असं लिहून त्यांनी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं होतायत तोवर तिकडच्या मंडळाच्या वतीने इनग्रिडबाईंचंच उत्तर आलं. यंदाचं येणं रद्द, कराराचं नूतनीकरणही होणार नाही. खाली चार ओळी त्यांच्या स्वतःच्या होत्या. 'सौरभ गेल्याचं नमिताने मला तेव्हाच कळवलं होतं. जानेवारीत, तुमच्या हळदीकुंकवानंतर, तिचं दुसरं पत्र आलं. ते मी इथे कुणाला दाखवलं नाही. वाटलं, तुम्ही स्वतः लिहाल.'

"काय म्हणतात?" अरविंदरावांनी ताटावरून विचारलं.

"नाही येत."

"का?"

बाईंनी ताक वाढलं. "घर कमी पडलं," त्या म्हणाल्या.